दूधआईचं विरजण

राजा माझ्या दारात आला तेव्हा मी बांगडे साफ करत होते. मी उठले नाही. ज्याचं ढुंगण मी धुतलंय त्याच्यासाठी उठायचं कशाला?

"आये," तो म्हणाला, "आत येऊ?"

"राजवाड्यात मला मागच्या दारानं घेतात. तू पुढच्यानं ये. माझ्या घराला दारच एक आहे."

अभयराजे चपला बाहेर काढून आत आला. त्याच्या मागे एक बाई, चष्मा लावलेली, हातात पेटी. डॉक्टर शाल्मली तेरेदेसाई, मुद्दाम मुंबईहून बोलावलेली. दोघं खाली चटईवर बसले. मी बांगड्याची आतडी ओढत राहिले. महिन्याभरानं आमच्या करंजबेटात मतदान होतं. राजा ठेवायचा की राजाशिवाय राज्य चालवायचं, एवढाच प्रश्न. आणि राजाला घालवा म्हणून गावोगाव भाषणं देत फिरणारा माणूस होता लखू, माझ्या पोटचा पोरगा. एकाच वर्षी जन्मलेली ही दोन पोरं. माझ्या उजव्या अंगाला राजा प्यायचा, डाव्या अंगाला लखू. आता एक दुसऱ्याला खाली ओढत होता आणि मान मात्र माझी अवघडली होती.

आमचं बेट तुम्ही नकाशात शोधलंत तरी सापडायला वेळ लागेल. आमचे पूर्वज कोकणातून गलबतांनी इकडे आले. जो पुढच्या गलबताचा तांडेल होता त्याला सगळे राजे म्हणू लागले, आणि मग त्याची पोरं-नातवंडंही राजे झाली. हे मी वाड्यावरही बोलून दाखवलंय. कोणाला आवडलं नाही.

बेटाच्या मधोमध खाडी. एका बाजूला पेठ, तिथे दुकानं, शाळा, इस्पितळ, राजवाडा. दुसऱ्या बाजूला आमचा खारवाडा. समुद्र दर वर्षी चढतोय, हे आता लहान पोरालाही माहीत आहे. म्हणून अभयच्या आजोबांनी खाडीच्या तोंडावर मोठा बांध घातला. मोठं उधाण आणि वादळ एका वेळी आलं की बांधावर इतका जोर येतो की थोडं पाणी आत सोडावंच लागतं, नाहीतर बांध फुटून सगळंच बेट जाईल. बांधाला दोन दरवाजे आहेत. एक उघडला की पाणी पेठेत शिरतं, दुसरा उघडला की खारवाड्यात. तेव्हा कोणाला बुडवायचं हे कोणीतरी ठरवायला लागतं. आमच्याकडे ते राजा ठरवतो.

दरवाज्याला कुलूप आहे ते शंखाचं. खरा शंख नव्हे, धातूचा, बांधाच्या भिंतीत बसवलेला. जुने राजे उधाणाची वर्दी शंख फुंकून द्यायचे, म्हणून तो आकार. राजानं त्यात फुंक मारली की आत घंटा वाजते आणि दोन्ही कड्या मोकळ्या होतात. दुसऱ्या कोणी फुंक मारली तर घंटा वाजत नाही. मारायची कोणाची हिंमतही नव्हती. शंखाला तोंड लावणं म्हणजे सिंहासनावर बसण्याएवढं पाप.

"मृणालिनीनं फुंकला," अभय म्हणाला. मृणालिनी त्याची मुलगी, पुढची राणी. "सराव म्हणून. मतदानाच्या आदल्या दिवशी लोकांसमोर फुंकायचा आहे ना. वाजला नाही, आये."

माझा हात थांबला.

"तुझीच पोरगी आहे ना ती?"

"आये!"

"मग विचारायला नको?"

डॉक्टरीणबाई हसली. मला ती तेव्हा जरा आवडली. "माझीही पहिली शंका तीच होती," ती म्हणाली. "पण मुलगी यांचीच आहे. घोटाळा शंखात आहे. म्हणजे शंख ज्याला राजरक्त समजतो, त्यात."

मग तिनं समजावलं. मी शाळेत दुसरीपर्यंत गेले, तरी मला कळलं, म्हणजे तुम्हालाही कळेल.

बोटाचा ठसा मेणावर उतरवता येतो. डोळ्याचा फोटो निघतो. आवाजाची नक्कल तर आता शेंबडं पोरही फोनवर करतं. म्हणून शंख बनवणाऱ्यांनी श्वास धरला. माणसाच्या तोंडात आणि पोटात बारीक जंतूंची वस्ती असते. खेड्यात असतात तशी नाना कुळं. प्रत्येक कूळ जगताना आपापला वायू सोडतं आणि तो आपल्या श्वासात उतरतो. आपल्या नाकाला त्यातलं काही कळत नाही. शंखाच्या आत बारीक बारीक जाळ्या आहेत, त्यांना कळतं. प्रत्येक जाळी एकेक वायू हुंगते.

"शंख बसवला तेव्हा तीन पिढ्यांचे श्वास तपासले," ती म्हणाली. "यांचे आजोबा, वडील आणि हे स्वतः, तेव्हा लहान होते. तिघांच्याही श्वासात एक वायू सापडला जो बेटावर इतर कोणात नव्हता. बनवणाऱ्यांनी ठरवलं, ही वंशाची खूण. पुढचे सगळे वारस यानेच ओळखता येतील."

"इतर कोणात म्हणजे कोणात बघितलं?"

"पेठेतली माणसं. वाड्यावरचे नोकर."

"आणि खारवाडा?"

तिनं अभयकडे बघितलं. अभयनं बांगड्यांकडे.

"खारवाड्यातून कोणाला बोलावलं नव्हतं," तो म्हणाला.

"मासळीचा वास येतो म्हणून," मी म्हटलं.



आता इथे आमच्या बेटाची एक रीत सांगायला हवी. राजाचं मूल राणीचं दूध पीत नाही. आमच्या घरातली सून त्याला पाजते. माझ्या सासूनं अभयच्या बापाला पाजलं, तिच्या सासूनं आजोबाला. हिला दूधआई म्हणतात. पण ते बोलायचं नसतं. दूधआई मागच्या दारानं जाते, मागच्या दारानं येते, आणि वाड्यात सगळे म्हणतात की बाळ राणीच्या दुधावर वाढतंय. बाहेरून आलेल्या इंजिनेरांना कोण सांगणार? त्यांनी विचारलं असेल, या तिघांत सारखं काय? वाड्यानं छाती फुगवून सांगितलं असेल, रक्त.

आणि पाजणाऱ्या बाईनं आमच्या घरच्या गाडग्यातलं ताक रोज प्यायचं, हीही रीतच. ते विरजण सासूकडून सुनेकडे येतं. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूनं पहिल्या दिवशी दागिने दाखवले नाहीत, ते गाडगं दाखवलं. पहिलं बाळंतपण झालं की बाईच्या दुधाचे चार थेंब त्यात टाकायचे. कशासाठी ते तिलाही माहीत नव्हतं.

"तो जंतू तुमच्या गाडग्यात आहे," डॉक्टरीण म्हणाली. "तिथून तुमच्या अंगात, तिथून दुधात. तान्हेपणी मिळाला तर जन्मभर राहतो. मोठेपणी ताकातून मिळाला तरी श्वासात उतरतो, पण रोज प्यावं लागतं. सोडलं की हळूहळू निघून जातो. राजकन्या डब्याच्या दुधावर वाढल्या."

ते मला ठाऊक होतं. राणीसाहेब परदेशात शिकलेल्या. माझी सून पाजायला गेली तेव्हा तिला फाटकातूनच परत पाठवलं होतं. त्या दिवशी मी राणीला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

अभय म्हणाला, "आये, महिनाभर तिला ताक दे. एवढंच. आणि कोणाला सांगू नकोस."

"लखूला पण?"

"लखूला तर नाहीच."

मी हात धुतले. म्हटलं, "खरं सांग. गादीसाठी मागतोस की बेटासाठी?"

तो लगेच बोलला नाही, म्हणून मी पुढचं ऐकलं. "बाबांनी त्या मोठ्या उधाणात काय केलं, तू बघितलंस. दिवाण, व्यापारी, सगळे सांगत होते खारवाड्यावर सोडा. बाबांनी पेठेचा दरवाजा उघडला. आमची आमराई, आमचा वाडा पाण्यात गेला. झाडं मेली. का? कारण खारवाड्यातली माणसं अजून घराबाहेर निघाली नव्हती. आता हाच निर्णय मतांवर टाक. पेठेत माणसं किती, खारवाड्यात किती? दर उधाणाला हात वर होतील आणि दर वेळी तुम्हीच बुडाल. लखूला हे दिसत नाही."

ते खरं होतं. मला राग आला, कारण ते खरं होतं. ती आमराई मरताना मी बघितली होती. त्या राजाला मी पाजलं नव्हतं, पण त्याच्यासाठी रडले होते.

"आणि तुझी पोरगी तिच्या आज्यासारखी निघाली नाही तर?"

"निघेल."

"प्रत्येक बाप तसंच म्हणतो. माझ्या नवऱ्यानं लखूबद्दल पण म्हटलं होतं, शांत निघेल."

तो हसला. मी तांब्याभर ताक भरून दिलं. भुकेल्या पोराला ताक नाही म्हणायचं आमच्या घरात कोणी शिकलं नाही. पण तोंड बंद ठेवीन असं मी म्हटलं नाही. त्यानं ते लक्षात घेतलं नाही. राजे लोक असंच गृहीत धरतात.

रोज वाड्यावरून तांब्या यायचा, भरून जायचा. लखूला संशय आला. तो काही आंधळा नाही. एका दुपारी भाषण करून घसा बसलेला, येऊन पडवीत बसला. "आये, राजवाड्याला आपल्या ताकाचा काय एवढा सोस लागलाय?"

मी सांगितलं. दोन्ही पोरांना सारखं दूध दिलं, तर सारखं सत्यही द्यायला हवं होतं.

तो उठून उभा राहिला. त्याचं तोंड एवढं उजळलं की मला वाटलं आता रडेल. "म्हणजे माझी फुंकपण वाजेल! शंख आपला आहे! आये, हे उद्या सभेत सांगतो. शंभर वर्षं ते आपल्या अंगावर पिऊन राजे झाले. लोक म्हणतीलच, लखूदादाच्या हातात दरवाजा द्या. आत्तापासूनच म्हणतायत."

"आणि तू काय म्हणतोस?"

"लोकांनी म्हटलं तर..."

"लखू, तुला राजा नकोय की तुला तो राजा नकोय?"

त्याचा चेहरा पडला. असं तोंडावर त्याला कोणी बोललं नव्हतं. सभेतले लोक टाळ्या वाजवतात, ते असं विचारत नाहीत.

"मी तसा नाही, आये."

"अभयपण नाही. दोघांना मीच पाजलंय, मला माहीत आहे तुम्ही कसे आहात. मला भीती तुमची नाही. तुमच्या मागून येईल त्याची आहे."

तो परत खाली बसला. म्हणाला, "मग काय करायचं?"

"तू गप्प बसायचं. तेवढं तुला जमलं तर बाकीचं मी बघते."

मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळी सगळं बेट बांधावर लोटलं. पेठेतले एका बाजूला, खारवाड्यातले दुसऱ्या बाजूला, मध्ये दिवाण पटण्यांनी दोरी बांधलेली. मी डोक्यावर गाडगं घेऊन गेले. पटणे म्हणाले, "बाय, दोरीच्या मागे."

मी म्हटलं, "दिवाणजी, तुमच्या सुनेचं बाळंतपण मी केलं तेव्हा दोरी कुठे होती?" त्यांनी दोरी वर धरली.

मृणालिनी पुढे आली. बारीक पोरगी, ओठ सुकलेले. शंखाला तोंड लावलं, फुंकलं. आत घंटा वाजली. कड्या खडखडल्या. पेठेतून आरोळी उठली, "राजरक्त! राजरक्त!" माझ्या आजूबाजूचे आमचे लोक खाली मान घालून उभे होते. लखू पण. एक शब्द बोलला नाही तो. एवढ्यासाठी मी त्याला बाकी सगळं माफ केलं.

मी पायऱ्या चढले. कोणी अडवायच्या आत शंखाला तोंड लावलं.

घंटा वाजली.

 नुसतं बांधाला लागणारं पाणी ऐकू येत होतं. मग खारवाड्यातून कोणीतरी ओरडलं, "थोरली राणी! द्वारकाबाय राणी!" आणि दुसरे ओरडायला लागले, लखूराजे, लखूराजे. लखूनं दोन्ही हात वर करून नको नको केलं. कोणी ऐकेना.

"गप बसा!" मी ओरडले. माझा आवाज मासळीबाजारात घडलाय. सगळे गप्प झाले. "राणी कोणाला म्हणता? मी राजाच्या घरातली नाही. मी पलीकडच्या बेटावरून लग्न होऊन आले. माझ्यात त्या घराचं रक्त नाही. वाजलं ते यामुळे." गाडगं मी कठड्यावर ठेवलं.

कोणाला काही कळलं नाही. तेव्हा ती पोरगी, मृणालिनी, माझ्याजवळ आली. तिच्या बापानं तिला थांबवलं नाही, हे मी बघितलं. ती मोठ्यानं म्हणाली, "महिन्यापूर्वी माझाही वाजत नव्हता. मी आजीचं ताक प्यायले."

मग डॉक्टरीणबाईंनी सगळं सांगितलं, तेच कुळांचं आणि जाळ्यांचं. पटणे खाली बसले. राणीसाहेब उभ्याच राहिल्या, आणि माझ्याकडे बघितलं. मी नजर वळवली नाही, पण बोललेही नाही. माझ्या सुनेला फाटकातून परत पाठवलं त्या दिवशीच बोलायचं ते बोलून झालं होतं.

"वाटी घेऊन या," मी म्हटलं. "ज्याच्या घरी दूध आहे त्यानं न्या. लावा. रोज प्या. तान्ह्या पोरांना बोटानं चाटवा. एका घरात होतं तोवर ते घर राजाला पाजत होतं आणि तुम्ही राजाला भजत होता. आता सगळ्यांच्या घरात असू दे. मग कोणाला भजायचं ते ठरवा."

पहिली वाटी कोणी पुढे करेना. पेठेतल्या बायका आमच्या हातचं पाणी पीत नाहीत, आमच्या गाडग्यातलं ताक कसं घेणार? मी तशीच उभी. ऊन चढत होतं. अभय पायऱ्या चढून आला. राजाचा फेटा काढून काखेत धरलेला. त्यानं फेट्यातल्या तुऱ्याची वाटीसारखी चांदीची बैठक उपसली आणि माझ्यापुढे धरली.

"आये, माझ्या घरी पण दे," तो म्हणाला. लोकांसमोर त्यानं मला आये म्हटलं. वाड्यात त्याला ती परवानगी नव्हती.

मग रांग लागली.

मतदान झालं. राजा नको म्हणणारे जास्त निघाले, पण थोडेच. अभयनं वाडा इस्पितळाला दिला आणि शेजारच्या माळ्याच्या घरात राहायला गेला. दरवाज्याचा नियम त्यानं आणि लखूनं माझ्या पडवीत बसून ठरवला, भांडत भांडत, लहानपणी गोट्यांवरून भांडायचे तसे. दरवाजा मतांनी उघडायचा नाही. दर महिन्याला चिठ्ठ्या टाकून माणसं निवडायची. निम्मी पेठेतली, निम्मी खारवाड्यातली. उधाण आलं की त्यांनी बांधावर उभं राहायचं, पाणी डोळ्यांनी बघायचं, कुठे माणसं आहेत कुठे नाहीत ते बघायचं, आणि सगळ्यांचं एक झाल्याशिवाय फुंकायचं नाही. "असं तर बांध फुटेल आणि हे भांडत बसतील," अभय म्हणाला. लखू म्हणाला, "मग तुझ्यासारख्या एखाद्याची चिठ्ठी निघू दे त्यात." ते त्यानं चांगल्या मनानं म्हटलं.

बरेच महिने समुद्र गप्प राहिला. लोक ताक विसरायला लागले. मी घरोघर जाऊन दारातून विचारायची, "लावलं का आज? नाही? तुझ्या घरावर पाणी आलं की मग शंखाला काय चाटवशील?" लोक मला बघून खिडक्या लावायचे. लावू देत.

मग श्रावणात ते उधाण आलं. भर दुपारी आभाळ काळं झालं, बांध थरथरायला लागला. त्या महिन्याच्या चिठ्ठीत अभय होता, आणि आमच्या बाजूनं माझ्या शेजारची भागी पागी. आम्हाला टेकडीवरच्या देवळात नेलं होतं. सगळा खारवाडा रिकामा होता. पेठेत इस्पितळातली माणसं मात्र अजून हलवायची होती. वरून मला बांधावरची माणसं दिसत होती, एवढीएवढीशी, हात हलवत, भांडत. मग हात थांबले. आणि घंटा ऐकू आली.

खारवाड्याचा दरवाजा उघडला.

मी डोळे मिटले नाहीत. माझं घर जाताना बघितलं. पडवी गेली, छप्पर गेलं. चुलीजवळ ते गाडगं होतं.

अभय वर आला तेव्हा कमरेपर्यंत भिजलेला होता.  "आये, तुझ्या घरावर... मी पण हो म्हटलं."

"फुंकलं कोणी?"

"भागीनं."

भागी त्याच्या मागे उभी होती. तिचं घर माझ्या घराला लागून होतं. ते पण गेलं होतं. ती रडत नव्हती. मी तिच्याकडे बघितलं आणि माझ्या पदराचं कोरडं टोक तिला दिलं. राजानं आपली आमराई बुडवली होती तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्याला देव केलं होतं. भागीला कोणी काही म्हटलं नाही. तिनं तोंड पुसलं आणि आपली पोरं मोजायला गेली.

दोन महिने आम्ही शाळेच्या वर्गात राहिलो. शिध्याचा भात, डब्यातली डाळ, ताकाचा थेंब नाही. पाळीची चिठ्ठी माझ्या नावाची निघाली, म्हणून आदल्या दिवशी मी बांधावर जाऊन फुंकून बघितलं.

शंख वाजला नाही.

पुन्हा फुंकलं. नाही. दूधआई मी. तीन राजांच्या घरची. माझ्या श्वासात आता काहीच नव्हतं. कोणीतरी बघत असेल म्हणून मी पदर नीट केला आणि पायऱ्या उतरले.

मग वर्गातली एक वाटी घेऊन पेठेत गेले. पटण्यांच्या घरी, कारण ते सगळ्यांत जवळ होतं, आणि कारण मी तिथे कधी पुढच्या दारानं गेले नव्हते. पटण्यांच्या बायकोनं दार उघडलं. तिनं वाटी बघितली. मी काय बोलायचं ते वाटभर घोकलं होतं, पण तोंडातून काही निघेना. मागायची सवय नाही मला.

"थांबा," ती म्हणाली, आणि आत गेली. घट्ट, पांढरं विरजण आणून माझ्या वाटीत घातलं. मी तिथेच बोट बुडवून चाखलं.

"आंबट आहे. जास्त वेळ ठेवता."

"तुम्ही सांगितलं तसंच लावते."

"मग मी चुकीचं सांगितलं असेन," मी म्हटलं.

ती दचकली. माझ्या तोंडून असं काही तिनं आयुष्यात ऐकलं नव्हतं. मग दारातून बाजूला झाली. "आत तरी या, द्वारकाबाय. चहा टाकते."

मी वाटी पदराखाली झाकली आणि उंबरा ओलांडला.